तिसऱ्या सांध्याचा दिवा

तरसाली, बडोदे
१२ जून १९८६

चि. मोहन यास उदयसिंहरावाचे आशीर्वाद.

माझ्या हातचं पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझी आक्का बरी आहे. तिची तुला गेलेली पत्रं मला ठाऊक आहेत आणि तुझी न आलेली उत्तरंही. पण हे पत्र त्याबद्दल नाही. मला तुझ्याकडून एक काम हवं आहे.

आमच्या सोसायटीच्या मंडळाने यंदा गणपतीची आरास माझ्यावर सोपवली आहे. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यातली नोकरी सुटल्यापासून मी घरीच असतो हे सगळ्यांना माहीत आहे, बहुधा म्हणूनच. मी म्हटलं, देखावा करीन तर डभोईच्या छोट्या गाडीचा करीन. माझे वडील प्रतापनगरला सांधेवाले होते हे तुला माहीत आहेच. शाळा सुटली की मी त्यांच्यापाशी जाऊन बसायचो. एका रुळावरची गाडी दुसऱ्या रुळावर जाते ती त्या सांध्यामुळे, आणि तो सांधा माझे वडील हलवतात, याचा मला फार अभिमान वाटायचा.

मागच्या खोलीत प्लायवुडचं मोठं टेबल केलं आहे. एका टोकाला प्रतापनगर, दुसऱ्या टोकाला डभोई. पितळी पट्ट्यांचे रूळ केले. इंजिनाला जुन्या टेपरेकॉर्डरची मोटर लावली आहे. दमेकऱ्यासारखं चालतं, पण चालतं. सांधे तीन. टेबलाच्या कडेला एक पॅनल केलं आहे, त्यावर पिवळ्या रंगाने सगळ्या लायनीचा नकाशा काढला आणि प्रत्येक सांध्यासाठी एक खटका बसवला. खटका ओढला की सायकलच्या ब्रेकची तार ओढली जाते आणि सांधा सरकतो.

आता पॅनलवर प्रत्येक सांध्याच्या खटक्यापाशी दोन दिवे हवेत. सरळ मार्ग लागला असेल तर हिरवा, वळणाचा असेल तर लाल. लहरीपुऱ्यातून बारके बल्ब आणले. दुकानदार म्हणाला, ‘काका, छोकरा माटे?’ मी म्हटलं, ‘ना भाई, मारा माटे.’ पोरासाठी नाही, माझ्याचसाठी म्हटल्यावरही तो हसला नाही, हे मला आवडलं.

मी दिव्यांच्या तारा खटक्याला जोडल्या. खटका ओढला की दिवा लागतो. दिसायला झकास. पण परवा ब्रेकची तार सैल पडली, सांधा अर्ध्यावर राहिला आणि दिवा मात्र हिरवा. गाडी घसरली. म्हणजे हा दिवा खटक्याचं सांगतो, सांध्याचं सांगत नाही. असला दिवा काय कामाचा? त्यापेक्षा नसलेला बरा. वडील खटका ओढून झाला तरी चालत जायचे आणि पायाने सांधा दाबून बघायचे. मला दिवा सांध्यावरून लागायला हवा. ते कसं करायचं हे डोक्यात येत नाही. तू पॅनलवरचा माणूस, तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. एक आकृती काढून पाठव.

डोळ्याचं विचारशील तर डावा छान काम देतो.

सौ. कांचनला आशीर्वाद.

उदयसिंहराव

•

सांगली
२६ जून १९८६

ती. दाजींस सा. नमस्कार.

पत्र पोचलं. पुन्हा पुन्हा वाचलं. तुमचा रोख माझ्या लक्षात आला.

नंदेसरीला त्या दिवशी पॅनलच्या खुर्चीवर मी होतो आणि माझ्या शब्दावर तुमचा डोळा गेला, याची आठवण मला कोणी करून द्यावी लागत नाही. दिवा खटक्याचं सांगतो, खरं काय ते सांगत नाही, हे तुम्ही मला आज लिहिलंत. हॉस्पिटलात मी तुमच्या पायाशी बसलो होतो तेव्हा बोलला असतात तर बरं झालं असतं. तुम्हाला तो अधिकार होता आणि आहे. मी उलट काही म्हणणार नाही.

वायरिंगचं म्हणाल तर ते काम मी सोडलं. इथे शेतावरच्या पंपांच्या मोटारी बांधून देतो. त्यांना दिवे नसतात. बडोद्यात चांगले मिस्त्री आहेत, त्यांतला कोणीही तुम्हाला हवं ते करून देईल.

आक्काला नमस्कार.

मोहन

•

तरसाली
९ जुलै १९८६

मोहन,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही, पण लिहिते, कारण तू धाकटा आहेस.

काय लिहिलंस हे तू? हल्ली यांची पत्रं मीच वाचून दाखवते. का, ते पुढे सांगते. ‘तुमचा रोख माझ्या लक्षात आला’ इथपर्यंत आले आणि थांबले. हे म्हणाले, ‘वाच ना.’ मी सगळं वाचलं. मग विचारतात, ‘रोख? कसला रोख, कुसुम?’

मी म्हटलं, तुम्ही त्याला लिहिलंत तरी काय? तेव्हा त्यांनी दिव्यांचं सांगितलं. तार सैल पडली, सांधा अर्धा राहिला, दिवा हिरवाच, सगळं. एखाद्या पोराने आपलं खेळणं कसं बिघडलं ते सांगावं तसं सांगत होते. सांगता सांगताच त्यांना कळलं आपण काय लिहून बसलो ते. त्यांचा चेहरा तू पाहायला हवा होतास. ‘अगं, मी रेल्वेचं लिहिलं होतं,’ एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून मागच्या खोलीची कडी काढलेली नाही. मंडळाची मुलं विचारायला आली, त्यांना सांगितलं, बघू.

सांगलीहून ट्रंक घेऊन तू आमच्याकडे आलास तेव्हा तुला धड मिसरूडही फुटलं नव्हतं. यांनीच तुला आयटीआयला घातलं, यांनीच नंदेसरीला चिकटवलं. एवढी वर्षं एका ताटात जेवलात. या माणसाला आडून बोलताना तू कधी ऐकलंस? भाजीत मीठ कमी असलं तर ‘मीठ कमी आहे’ म्हणतात आणि जेवतात. टोमणा मारायला लागणारी अक्कल त्यांच्याकडे नाही. ती तुझ्या-माझ्या घराण्यात आहे.

माझं म्हणशील तर मी भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. ज्यांना भाऊ नसतो त्यांनी तसं करायचं असतं. शेजारच्या बेन पहिल्या वर्षी विचारत होत्या, ‘भाई नथी आव्या?’ आता त्या विचारत नाहीत. मला ते न विचारणं जास्त लागतं.

आता जे सांगते ते मी लिहिलं हे यांना कळू देऊ नकोस. डावा डोळाही चालला आहे. काचबिंदू आहे. डॉक्टर म्हणाले, त्या भाजण्यानंतर असं होतं कधीकधी. नजर कडांनी मिटत येते, मधली शेवटपर्यंत राहते, मग तीही जाते. दिवाळीच्या सुमाराला ऑपरेशन करून बघू म्हणतात, पण खात्री कोणी देत नाही. ताट ठेवलं तर भात दिसतो आणि बाजूची वाटी दिसत नाही. तारा हाताने चाचपून ओळखतात. सोल्डरिंग करताना बोट भाजून घेतलं आणि मला म्हणाले, कढईचा चटका बसला. स्वयंपाकघरात तर ते आलेच नव्हते.

म्हणून त्यांना घाई आहे. ही गाडी चालताना त्यांना बघायची आहे. तुला हे लिहिणार नाहीत, कारण मग तू दया म्हणून करशील असं त्यांना वाटतं.

तुला यायचं नसेल तर नको येऊस. आकृती तरी काढून पाठव.

कुसुम

•

सांगली
२१ जुलै १९८६

ती. दाजींस सा. नमस्कार.

माझं मागचं पत्र फाडून टाका. ते ज्याने लिहिलं त्याला काय झालं होतं ते मला माहीत नाही. आधी काम सांगतो.

टेबलाच्या खालून, जिथे ब्रेकची तार सांध्याला मिळते तिथे, सांध्याबरोबर सरकणारी एक पट्टी असेल. त्या पट्टीवर पितळेचं लवचिक पान बसवा. जुन्या टॉर्चमध्ये सेलच्या बुडाशी असतं तसलं चालेल. पानाच्या दोन्ही बाजूंना टेबलात एकेक स्क्रू मारा. सांधा सरळ मार्गाला पुरता टेकला की पान एका स्क्रूला टेकलं पाहिजे, वळणाला पुरता टेकला की दुसऱ्या. मध्ये कुठेही अडकला तर कोणालाच टेकता कामा नये. आता ट्रान्सफॉर्मरची एक तार पानाला. एका स्क्रूपासून हिरव्या बल्बला तार, दुसऱ्यापासून लालला. बल्बांची उरलेली टोकं एकत्र करून ट्रान्सफॉर्मरच्या दुसऱ्या तारेला. खटक्याला यातली एकही तार लागणार नाही. दोन्ही दिवे विझलेले दिसले तर सांधा मध्ये आहे असं समजायचं आणि गाडी सोडायची नाही. आकृती सोबत आहे, मोठी काढली आहे.

बल्ब तुम्ही आणलेत त्याहून मोठे घ्या. आणि दोन्ही अगदी शेजारी बसवू नका, लांब लांब बसवा. दिसायला बरं दिसतं.

आता दुसरं. मी हे कांचनलाही सांगितलेलं नाही.

त्या दिवशी सकाळी तुम्ही खालून फोन केलात, ‘मोहन, जाळी साफ करायला उघडतो. कॉस्टिक सोड्याची लाइन बंद कर.’ मी खटका फिरवला. लाल गेला, हिरवा आला. मी म्हटलं, ‘बंद झाली, दाजी. उघडा.’ हे सगळं चौकशीत आलं. व्हॉल्व्ह अडकून उघडाच राहिला होता आणि हिरव्या दिव्याची तार व्हॉल्व्हवरून नाही, माझ्या खटक्यातूनच आली होती, हेही आलं. साहेबांनी माना हलवल्या आणि माझ्यावर काही ठेवलं नाही.

चौकशीत आलं नाही ते हे. तुम्हाला गाडीत घालून नेल्यावर मी वर पॅनलपाशी गेलो. तिथे कोणी नव्हतं. तो हिरवा दिवा जळत होता. खाली जमिनीवर कॉस्टिक पसरलंय, तुमची चप्पल त्यात पडलीय, आणि वर दिवा सांगतोय, लाइन बंद आहे. मी तो बल्ब पिळून काढला आणि खिशात घातला. दुसऱ्या दिवशी राजीनामा द्यायला गेलो तेव्हा कोणीतरी नवा बसवला होता. तोही हिरवा जळत होता.

तेव्हापासून मला कोणाला ‘हो’ म्हणता येत नाही. कांचन विचारते, पुढचं दार लावलंत? मी लावलेलं असतं. तरी उठून बघून येतो, येऊन बसतो, आणि तरीही तोंडातून ‘हो’ निघत नाही. ती आता विचारायचीच थांबली आहे, स्वतः जाऊन बघते. भाऊबीजेला पाटावर बसायचं, समोर आक्का, बाजूला तुम्ही. मी निघायचो दर वर्षी, आणि परत फिरायचो. एकदा मिरजेपर्यंत गेलो होतो.

खोलीची कडी काढा, दाजी. सांधे झाले की कळवा.

मोहन

•

तरसाली
८ ऑगस्ट १९८६

चि. मोहन यास अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र फाडलं नाही. त्यात चुकीचं काही नव्हतं. माझंच लिहिणं बघून लिहायला हवं होतं. मला दुसरं काही म्हणायचं नव्हतं, हे मी आता पुन्हा पुन्हा लिहीत बसत नाही.

तू सांगितल्याप्रमाणे पानं आणि स्क्रू बसवले. दोन सांधे बोलायला लागले. खटका ओढला की क्षणभर दोन्ही दिवे जातात, मग एक येतो. तो मधला क्षण मला फार आवडतो. सांधा सरकतोय हे कळतं.

या वेळचं तुझं पत्र कुसुमला पुरतं वाचवलं नाही. मग मीच भिंग घेऊन वाचलं. तुला तुझ्या खुर्चीवरून जे दिसलं ते तू लिहिलंस. मी कुठे होतो तेही ऐक.

तोंडावर आलं तसा मी खाली बसलो. पळा, पाणी आणा, असं सगळे ओरडत होते, पण लाइन अजून उडत होती म्हणून जवळ कोणी येत नव्हतं. त्यात त्यांची चूक नाही, मीही गेलो नसतो. मग कोणीतरी मला काखेत हात घालून ओढलं. नळाखाली डोकं धरलं. बोटांनी माझ्या पापण्या फाकवून त्यात पाणी सोडलं. मोहन, ते पाणी निखाऱ्यासारखं लागत होतं. मी त्या माणसाला लाथा मारल्या, मनगटाला चावलो. तो सोडेना. दुसरं काही बोलत नव्हता, फक्त ‘दाजी, दाजी’ म्हणत होता. सगळ्या कारखान्यात मला दाजी म्हणणारा एकच माणूस होता.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी कुसुमला सांगितलं, डावा राहिला तो त्या पाण्यामुळे. आणखी थोडा उशीर झाला असता तर दोन्ही गेले असते. मला वाटलं, हे तुला माहीतच आहे. तुझ्याच हाताने झालेलं तुलाच काय सांगायचं? म्हणून कधी बोललो नाही. तू पायाशी बसून रडायचास तेव्हा वाटायचं, माझ्या दुखण्यासाठी रडतोस. डोळ्यांवर पट्टी होती. तुझा चेहरा दिसत असता तर कदाचित विचारलं असतं.

आता एक विचारतो. बल्ब मोठे घ्या, लांब लांब बसवा, हे तू का लिहिलंस? मी तर डोळा छान आहे असं कळवलं होतं. कुसुमला विचारलं तर ती गवार निवडायला लागली, आणि गवार कालच निवडून झाली होती. तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. डावा जात आहे. मोठे बल्ब बरे दिसतात.

तिसरा सांधा काही केल्या बोलत नाही. पान लावलं, स्क्रू मारले, सांधा नीट टेकतो, तरी दोन्ही दिवे मेलेले. टेबलाखाली आडवा होऊन वर बघितलं तर मला काळोखाशिवाय काही दिसत नाही. मंडळाची मुलं मदत करतो म्हणतात, पण त्यांना मी नको म्हटलं.

तू येशील का?

उदयसिंहराव

•

सांगली
१६ ऑगस्ट १९८६

ती. दाजी,

येतो. हरतालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी पोचेन. स्टेशनवर कोणी येऊ नये. तिसऱ्या सांध्याला तोवर हात लावू नका.

मोहन

•

सांगली
२५ सप्टेंबर १९८६

ती. आक्कास सा. नमस्कार.

सुखरूप पोचलो. तू दिलेला चिवडा मुंबईतच संपला. कांचन तुझ्यावर रागावली आहे, मला एकट्याला बोलावलंस म्हणून. पुढच्या वेळी दोघं येऊ.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली. दाजींनी सांगितली नसणार, कारण त्यांना त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नसेल.

मी आलो त्याच दिवशी तिसरा सांधा सुरू केला, ते तू पाहिलंसच. पानावर रंगाचा थर राहिला होता, पॉलिश पेपरने घासला, दिवा लागला. मंडपात नेल्यावर पहिले दिवस सगळं सुरळीत चाललं. पण मंडपातल्या त्या झगझगाटात दाजींना पॅनलवरचे दिवे दिसत नाहीत, हे माझ्या पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं. ते हातातल्या खटक्याच्या ओढीवरून चालवत होते. मी त्यांच्या शेजारी स्टूल घेऊन बसायला लागलो.

गौरी जेवल्या त्या संध्याकाळची गोष्ट. तू आरतीच्या ताटांच्या गडबडीत होतीस. मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. प्रतापनगरहून गाडी निघाली, दोन सांधे पार झाले. दाजींनी तिसरा खटका ओढला. हाताला ओढ नेहमीसारखी लागली असावी. पण पॅनलवर दोन्ही दिवे गेले आणि एकही परत आला नाही.

दाजींनी गाडी थांबवली. का थांबवली मला माहीत नाही, त्यांना काही दिसलं नव्हतं. मान न वळवता म्हणाले, ‘मोहन, काय दाखवतोय?’

आक्का, तोच आवाज. फोनवर होता तसाच, घाई नसलेला. पुढून कोणी म्हणालं, ‘शुं थयुं? बंद पडी गई?’ मुलं रेटारेटी करत होती. मी म्हटलं, ‘दोन्ही विझलेत, दाजी. थांबा.’ आणि टेबलाखाली शिरलो.

तार ठीक होती. वरून पडलेली झेंडूची पाकळी सांध्याच्या पात्यात अडकली होती, म्हणून पातं रुळाला टेकत नव्हतं. ती काढली. पातं टेकलं. बोटाने दाबून बघितलं. बाहेर येऊन दिवा बघितला, लाल लागला होता. म्हणजे डभोईच्या वळणाला सांधा बरोबर बसला होता. तरी मी पुन्हा वाकलो आणि सांधा पुन्हा दाबून बघितला. लोक हसले असतील. दाजी खटक्यावर हात ठेवून तसेच उभे होते. त्यांनी ‘झालं का’ म्हणूनही विचारलं नाही.

मी उभा राहिलो आणि म्हटलं, ‘लागलाय, दाजी. सोडा.’

त्यांनी सोडली. माझं वाक्य पुरतं संपायच्या आत सोडली. क्षणभरही थांबले नाहीत, माझ्याकडे वळले नाहीत, परत विचारलं नाही. गाडी वळणावरून डभोईला गेली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मंडपामागच्या पिंपावर जाऊन तोंड धुतलं. तू तेव्हा मला विचारलंस, डोळे का लाल झालेत, आणि मी धुपाचा धूर म्हटलं.

विसर्जनाच्या दिवशी त्यांच्या हाताला धरून चालत होतो. गर्दीत त्यांना उजवीकडून कोणी धडकलं की ते माझा हात जरा घट्ट धरायचे, मग सैल सोडायचे. घरी येईपर्यंत असं चालणं मला बरं वाटलं.

ऑपरेशनची तारीख ठरली की तार कर. मी तिथे असेन.

तुझा
मोहन

•

तरसाली, बडोदे
१२ डिसेंबर १९८६

चि. मोहन आणि सौ. कांचन यांस आशीर्वाद.

हे पत्र मी सांगतो आहे आणि कुसुम लिहिते आहे.

भाऊबीजेला तुम्ही दोघं आलात तेव्हा डोळ्यावर पट्टी होती आणि सगळ्यांना आशा होती. परवा डॉक्टरांनी शेवटचं तपासलं. चांगला माणूस आहे, गोलगोल बोलला नाही. म्हणाला, ‘काका, हवे आटलुं ज रहेशे.’ एवढंच राहणार, म्हणजे खिडकी कुठे आहे ते कळतं. कोणी उजेडाच्या आड आलं तर कळतं. बाकी काही नाही. कुसुम रिक्षात रडली. मी रडलो नाही. त्याचा अर्थ मला वाईट वाटलं नाही असा घेऊ नकोस. मला खूप वाईट वाटलं. सकाळी उठल्यावर मी अजून चष्मा शोधतो.

मंडळाच्या मुलांना ती छोटी रेल्वे दिली. ती तिला शाळाशाळांतून फिरवणार आहेत. पॅनल कसं चालवायचं ते त्यांना शिकवून ठेवलं, आणि दोन्ही दिवे विझले तर काय करायचं ते दोनदा शिकवलं. मागची खोली आता रिकामी आहे. आवाज घुमतो. कुसुम म्हणते, तिथे पापड वाळत घालू.

काठी घेतली आहे. सोसायटीच्या फाटकापर्यंत एकटा जातो. शेजारच्या बेन गॅलरीतून ‘जरा डाबे, भाई’ म्हणून ओरडतात. त्या डावे म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा उजवे असतं, पण माणूस प्रेमळ आहे.

तुला एक सांगायचं आहे. ऑपरेशनच्या आधी लोक म्हणत होते, देवाचं दर्शन घेऊन ठेवा, घरातल्या माणसांचे चेहरे बघून ठेवा. कुसुमचा चेहरा मी बघून ठेवला. पण मागाहून डोळ्यांपुढे काय येईल ते आपल्या हातात नसतं. तुझं नाव काढलं की मला तू दिसतोस तो टेबलाखालून बाहेर येताना. केसांत कोळिष्टक, कपाळाला रंग, कानशिलं पिकलेली. तुझे केस पिकलेत हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. नंदेसरीला होतास तेव्हाचा काळ्या केसांचा चेहरा आठवून बघतो, तो येत नाही. पूर्वी तोच यायचा.

तू आता म्हातारा होशील, दात पडतील, काय काय होईल. मला त्यातलं काही दिसणार नाही. माझ्यापाशी तू याच वयाचा राहशील.

उदयसिंहराव

हे सगळं त्यांनी सांगितलं तसंच लिहिलं आहे. माझा एकही शब्द नाही. लिहिताना मध्ये एकदा मी आवाज न करता उठून गेले. परत येऊन बसले तर म्हणाले, ‘आलीस? मग लिही पुढे.’

कुसुम